पान, आरसा, होडी, मीठ, खुर्ची

३ नोव्हेंबर

श्रद्धा रेडा आहे. रेडा! आज कबड्डीच्या सरावात माझं मनगट असं पिरगळलं की जेवताना भाकरी डाव्या हाताने मोडावी लागली. त्यावरून आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

पण चूक माझी होती, हे इथे लिहिते, तिला सांगणार नाही. तिने दोनदा दाबलं होतं आणि तरी मी धरायला गेले. ती कोपऱ्यात, मी तिच्या शेजारी कव्हरला, दोघींचे हात एकमेकींत — ही आमची साखळी. चढाई करणारी रेडर आत आली की बोलून चालत नाही, तिला कळतं. म्हणून हात दाबायचा. एकदा दाबला — धर. दोनदा दाबला — सोड, जाऊ दे तिला. ठरवायचं श्रद्धाने, ऐकायचं मी. आठवीपासून हेच चाललंय.

निलेश सर म्हणतात, तुम्ही दोघी मिळून एकच बाई आहात, चार हातांची. मी म्हटलं, सर, मग जेवण पण एकीचंच द्या, ही माझं पण खाते. श्रद्धाने पाठीत गुद्दा घातला. अजून दुखतोय!

५ नोव्हेंबर

भांडण! आमचा इशारा श्रद्धाने तिच्या आईला शिकवला!! सगुणाकाकी चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या आणि ही शेजारी बसून त्यांचा हात दाबत होती. एकदा — धर. दोनदा — सोड. काकी पिठाच्या हाताने हसतायत. म्हणाल्या, ‘आता हिचा बापूस आला बोटीवरना की असाच हात दाबून सांगन, पगार हितं सोड.’

मी म्हटलं, हे फक्त आपलं होतं ना? तर म्हणे, ‘आये काय रेडर हाय काय गो? कुणाला सांगनार ती?’

मग काकींनी गरम भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. भांडण बारगळलं. मी फार स्वस्तात विकली जाते.

९ नोव्हेंबर

जिंकलो!!! गुहागरचा चषक आपला! नवलाई संघाचा! चषक धाकू आजोबांच्या बोकडाएवढा आहे!

दुसऱ्या हाफमध्ये जरा घोळ झाला. त्यांच्या त्या उंच पोरीचा गुडघा श्रद्धाच्या कानशिलावर बसला. नारळ पडल्यासारखा आवाज आला. श्रद्धा आडवी. सरांनी तोंडावर पाणी मारलं, कुणीतरी कांदा फोडून हुंगवला. डोळे उघडले, उठली. काय टाळ्या पडल्या! नंतर खेळली पण पूर्ण. एकदा मला दोनदा दाबून ‘सोड’ म्हणाली आणि स्वतःच जाऊन धरलं. वेडी! पण रेडर सापडली, म्हणून कुणी काही बोललं नाही.

खरी मजा परत येताना. तवसाळहून फेरीबोटीत बसलो आणि श्रद्धा कठड्याला धरून भडाभडा ओकली. महिपतकाकांचा जन्म बोटीवर गेला आणि त्यांच्या पोरीला बोट लागली! ती पण खाडीतली! समोर जयगड दिसतंय, आणि ही ओकतेय! सगळ्या हसून हसून पडलो. मीच सगळ्यांत जास्त चिडवलं — आता काकांना फोन करते, म्हटलं, तुमची मुलगी डोंगरात द्या.

ती हसली नाही. मला म्हणाली, ‘सानू, आपन जिंकलो काय गो?’ चषक तिच्याच मांडीवर होता. मी म्हटलं हो. थोड्या वेळाने परत तेच. जयगडला उतरताना परत. आम्ही तर तिची नक्कलच करायला लागलो, एकमेकींना विचारत — आपन जिंकलो काय गो?

११ नोव्हेंबर

श्रद्धा सरावाला आली पण बाकावर बसून राहिली. उन्हाकडे बघवत नाही म्हणते. डोक्यात घण पडतात म्हणते. घरी सांगितलंय पाळी आलीय.

सरांनी कानशील चाचपलं. केवढं मोठं टेंगूळ! सर म्हणाले, ‘हे बरं झालं. लागलेलं बाहेर आलं की आत काय राहत नाय. रक्त आलं नाय, टाके नाय. दोन दिवस खोबरेल लाव.’ आमच्याकडे सगळे असंच मानतात. टेंगूळ आलं की सुटलो. माझी आई पण तेच म्हणाली.

मग ठीक आहे.

१३ नोव्हेंबर

काहीतरी बरोबर नाही. तिचा हात!

चार वर्षं तो हात धरतेय. झोपेतून उठवून दहा हात दिले तरी तिचा ओळखेन. आज तो नुसता माझ्या हातात पडून होता. दाबते, पण उशिरा. रेडर परत गेली की मग दाबते. मी विचारलं तर म्हणाली, ‘तुज्या हाताला घाम हाय.’

मला राग आला. खूप राग आला, पण कशाचा ते कळेना.

१५ नोव्हेंबर

उद्यापासून रत्नागिरीला जिल्ह्याची निवड चाचणी. दोन दिवस. मॅटवर! त्यातून राज्याच्या शिबिराला मुली निवडणार.

दुपारी वाडीच्या पाणवठ्यावर श्रद्धा एकटी गाठ पडली. मी सरळ विचारलं, तुला होतंय काय? आधी ‘काय नाय, काय नाय’ केलं. मग रडली. श्रद्धा! जिचं बोट निखळलं तेव्हा स्वतः ओढून बसवलं, ती! पुस्तकातली ओळ वाचते आणि पुढच्या ओळीपर्यंत मागची जाते म्हणते. काल चहात दोनदा साखर घातली, मग मीठ घातलं. काकींनी चहा ओतून टाकला आणि म्हणाल्या, लक्ष कुठं असतं तुझं.

मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. तर माझे दोन्ही हात धरले. ‘पुढच्या वर्साला मी ह्या गटात बसत नाय, वय जातंय. राज्याचं खेळले तर पोलिसात लागेन. मग बाबा बोट सोडतील. दोन दिस फक्त सानू. मग तू म्हनशील त्या डॉक्टरकडं.’

मी शब्द दिला. नवलाईच्या देवळासमोर पाया पडून दिला. दोनच तर दिवस आहेत.

१६ नोव्हेंबर

रत्नागिरी. एका शाळेच्या वर्गात मुक्काम. मुलींच्या संघाबरोबर बाईमाणूस लागतं म्हणून सगुणाकाकी आल्यात, ढीगभर भाकऱ्या घेऊन. बाकं जोडून त्यावर लिहितेय. बाकीच्या अंथरुणं घालतायत. लवकर लिहिते कारण आज मी जे केलं ते ऐकून कुणीही मला शाबासकी देईल! पण सांगता येणार नाही. म्हणून इथे.

उपांत्य सामना. दुसरा हाफ सुरू झाला आणि श्रद्धा पकडीत पडली. फार जोरात नाही, खांद्यावर. पण उठली ती आपल्या बाकाकडे न जाता समोरच्यांच्या बाकाकडे चालायला लागली. सगळ्या हसल्या. मी नाही हसले. तिथे तपासणीला एक डॉक्टर मॅडम नेमलेल्या आहेत, नवीनच दिसतात, मोठा चष्मा. त्या उठून आल्या. सरांना म्हणाल्या, हिला बाजूला घ्या, मला प्रश्न विचारायचेत. उत्तरं आली नाहीत तर खेळता येणार नाही. उद्या पण नाही.

म्हणजे गेलं! सगळं गेलं!

मी पळत जाऊन श्रद्धाला धरलं. आधार द्यायला म्हणून मागे उभी राहिले आणि हात हातात घेतला. काकी अगदी समोर, आमच्या बाकावर, तिची पाण्याची बाटली घेऊन.

मॅडम — आता कुठला हाफ चाललाय? श्रद्धा गप्प. मी दोनदा दाबलं. ‘दुसरा हाफ.’

मॅडम — शेवटची चढाई कितव्या नंबरच्या मुलीने केली? मी चार वेळा दाबलं. ‘चार नंबर.’

मॅडम — सकाळची मॅच जिंकलात? एकदा. ‘हो.’

काय सांगू! अंगावर काटा आला. शाळेत कधी कॉपी केली नाही मी, आणि ही काय जमली! साखळी ती साखळी!

मग मॅडमनी पाच शब्द सांगितले आणि म्हणाल्या, लक्षात ठेव, थोड्या वेळाने विचारीन. पान, आरसा, होडी, मीठ, खुर्ची. आता हे कसं दाबणार? थोड्या वेळाने विचारलं तर श्रद्धा म्हणाली, ‘पान… होडी…’ आणि माझ्याकडे बघायला लागली. सर मध्ये पडले. ‘अहो मॅडम, दहावीला हिची एक कविता पाठ झाली नाय! हिचं डोकं पायात आहे!’ मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, आज बसू दे तिला. उद्या सकाळी परत विचारते, मग फायनलचं ठरवू.

तिच्याशिवाय कशीबशी जिंकलो. दोन पॉइंटांनी.

संध्याकाळी मी तिला शाळेच्या पायरीवर बसवलं आणि पाढे घोकतात तसे ते शब्द घोकून घेतले. मॅडम उद्या हेच विचारणार, दुसरे कुठून आणणार? पान, आरसा, होडी — इथपर्यंत जायची आणि अडकायची. मीठ काही येईना! मी म्हणायचे, ‘मीठ! चहात घातलंस ते!’ मग हसायची, मग डोकं धरायची. काकी नळावर ताटं घासत होत्या, आमच्याकडे पाठ. एवढ्यात म्हणाल्या, ‘जेवून घ्या गो पोरींनो, किती घोकाल?’ त्यांना वाटलं असेल अभ्यास.

आत्ता झोपायच्या आधी विचारलं. पाचही आले! क्रमाने!

१७ नोव्हेंबर, सकाळ

पाचही! मीठसुद्धा! तेच शब्द विचारले मॅडमनी! ‘छान,’ म्हणाल्या, पाठ थोपटली. श्रद्धा खेळणार!!

जाते. अंगाला तेल लावायचंय.

१८ नोव्हेंबर

लिहिता येत नाही.

१९ नोव्हेंबर

श्रद्धा कोल्हापूरला आहे. डोक्याचं ऑपरेशन झालं. मेंदूला सूज. डोळे उघडलेले नाहीत.

मला आठवतंय ते लिहून ठेवते. फायनल होती. रेडर आमच्या बाजूला आली. श्रद्धाने हात दाबला. एकदा. वेळेवर! अगदी पहिल्यासारखा घट्ट! मला एवढा आनंद झाला. दोघी घुसलो. रेडरचं कोपर तिच्या डोक्याला लागलं — लागलं म्हणजे काय, घासून गेलं. ह्यापेक्षा जोरात मी तिला रोज मारते. पकड झाली, शिट्टी वाजली, आम्ही उड्या मारतोय. तिने माझा हात अजून धरलेला. मग तो हात जड झाला. मी बघितलं तर डोळे वर गेलेले आणि ती माझ्यावर कोसळत होती.

काकी बाकावरून उठल्या आणि तशाच मॅटवर आल्या, चपला घालून. कुणी अडवलं नाही.

गाडीत मला घेतलं नाही. आंब्याच्या घाटात तिला दोनदा आकडी आली, असं सर म्हणाले.

फायनल आम्ही जिंकलो म्हणे. मला ठाऊक नाही.

२१ नोव्हेंबर

देवदिवाळी. वाडीत पणत्या लागल्या. आईने घावण केले. मला म्हणाली, जा देवळात, श्रद्धासाठी माग काहीतरी. गेले. पण ज्या देवळासमोर तिला शब्द दिला त्याच देवळात जाऊन काय मागू? गाऱ्हाण्यात महिपतकाकांच्या घराचं नाव घेतलं, सगळे ‘होय महाराजा’ म्हणाले. माझ्या तोंडातून ते पण निघालं नाही. पायरीवर बसून परत आले.

काका आज कोल्हापूरला पोचले. बोट बंदराला लागेपर्यंत त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर

मीच बोट लागली म्हणाले होते. मीच.

२६ नोव्हेंबर

सरांबरोबर कोल्हापूरला गेले. काचेतून बघू दिलं. केस काढलेत. श्रद्धाचे केस! काय भांडायचो आम्ही तेलावरून. नळ्या, पट्ट्या. तोंड सुजलंय. मला पहिल्यांदा वाटलं, ही नव्हे, दुसरीच कुणीतरी आहे, चुकीच्या काचेशी आलो आपण. मग हात दिसला. हात तिचाच होता.

बाहेर त्या डॉक्टर मॅडम बसल्या होत्या. रत्नागिरीहून रजा काढून आलेल्या. दिवसभर बसून होत्या म्हणे, कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. वाडीत सगळे त्यांनाच शिव्या घालतात — असली कसली डॉक्टरीण, तपासून खेळायला सोडलं! आमच्या शेजारचा संदेशदादा तर म्हणतो केस टाका तिच्यावर.

मॅडमनी मला ओळखलं. बाकावर जागा करून दिली. चष्मा काढून पुसत होत्या, पुसतच होत्या. म्हणाल्या, ‘मी सगळं विचारलं होतं ना ग? तू होतीस ना तिथे? सगळी उत्तरं बरोबर दिली तिने. शब्दसुद्धा पाच. माझं कुठे चुकलं तेच मला कळत नाहीये.’

माझ्या जिभेवर आलं होतं. देवाशपथ आलं होतं. तेवढ्यात सरांनी चहा आणला.

मी चहा प्यायले! कसला माणूस आहे मी? चहा प्यायले.

२७ नोव्हेंबर

गाडीत सर पण रडले. तोंड खिडकीकडे करून. ‘टेंगूळ आलं होतं ना,’ एवढंच म्हणत होते. ‘बाहेर आलं होतं ना सानिका?’

२ डिसेंबर

श्रद्धाने डोळे उघडले!!! काकींचा फोन आला. बोलत नाही, ओळखत नाही, पण उघडले! आई रडली, मी रडले, शेजारची चिमा आजी काय झालं ते न कळताच रडली.

देवा, आता बरी कर. मी तिला रेडा म्हणणार नाही. कधीच नाही.

६ डिसेंबर

सरांचा फोन. राज्याच्या शिबिराला माझी निवड झाली. माझी! कव्हर नव्हे, कोपऱ्याची जागा. ‘श्रद्धाच्या जागी तू,’ असं बोलून गेले आणि घाईने फोन ठेवला.

आईने सगळ्या वाडीत साखर वाटली. मी तोंडात घातलेली बाहेर जाऊन थुंकली.

१४ डिसेंबर

श्रद्धाला घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता जे काय सुधारेल ते घरी, हळूहळू. उजवा पाय ओढते. उजवा हात जवळजवळ नाहीच.

सगळी वाडी गेली बघायला. मी नाही गेले. डोकं दुखतंय सांगितलं. मग त्या शब्दांची मलाच लाज वाटली.

१५ डिसेंबर

गेले.

पडवीत खुर्चीवर बसवली होती. मफलर गुंडाळलेला. उन्हात बसवत नाहीत. मी समोर जाऊन उभी राहिले. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. कपाळाला आठी घातली — एखादं नाव आठवताना घालते ना, तशी. मला वाटलं, आता म्हणेल. सानू म्हणेल. निदान सा तरी म्हणेल.

ती म्हणाली — ‘पान.’

मग — ‘आरसा.’ मग — ‘होडी.’ थांबली. ओठ हलत होते. केवढा त्रास होत होता तिला! काकी हळूच म्हणाल्या, ‘मीठ.’ तशी ती खुश झाली. ‘मीठ. खुर्ची.’ आणि माझ्याकडे बघून हसली. शाबासकी मागत असल्यासारखी.

काकी म्हणाल्या, ‘कोल्हापुरास्नं हेच बोलते बाय. मला आये म्हनत नाय, बापसाला ओळखत नाय. पन हे पाच शब्द दिवसभर. डॉक्टर म्हनले, बोलूंदे. येतंय ते बोलूंदे.’

तिचं स्वतःचं नाव तिला येत नाही. माझं येत नाही. मी घोकून घेतलेलं तेवढं राहिलं.

मी तिचा डावा हात हातात घेतला. एकदा दाबला. काही नाही. परत दाबला. तिने हात काढून घेतला आणि ‘दुखतंय’ असं तोंड केलं.

मागच्या वाटेने घरी आले. 

१९ डिसेंबर

रोज जाते आता. काकींचा भात झोडायचा राहिलाय, सगळ्यांचा झाला, त्यांचाच तसा. मी जाऊन श्रद्धाजवळ बसते, त्या खळ्यात जातात. आज झोडताना थांबून मला म्हणाल्या, ‘तू व्हतीस तिच्यासंगती म्हनून मी निर्धास्त व्हते बघ. कुटं बी गेल्या तरी म्हनायची, सानू हाय ना.’

मी उठून श्रद्धाचा मफलर पुन्हा गुंडाळला.

वाडीत उद्या बैठक आहे. मॅडमविरुद्ध तक्रार करायची, सह्या घ्यायच्या.

२० डिसेंबर

बैठक झाली. सगळ्यांनी सह्या केल्या. माझ्या आईने केली. सर मान खाली घालून बसले होते, त्यांनी पण केली. महिपतकाकांनी अंगठ्याएवढ्या जाड अक्षरात नाव लिहिलं. काकी आल्या नाहीत. श्रद्धाला सोडून कशा येणार, म्हणून सगळ्यांनी समजून घेतलं. दोन दिवसांनी निलेश सर घरी जाऊन सही घेणार.

मला कुणी विचारलं नाही. मी लहान!

त्या मॅडम एकट्याच होत्या ज्यांनी तिला बसवलं होतं. बाकी आम्ही सगळ्यांनी तिला उठवलं.

२२ डिसेंबर

काकींनी सही केली नाही. हात भरलेत म्हणाल्या. नंतर या. सर परत गेले.

२४ डिसेंबर

सरांना सांगितलं, मी शिबिराला जाणार नाही. म्हणाले, वेडी झालीस काय, श्रद्धासाठी तरी जा. तिच्यासाठी खेळ! तिचं स्वप्न तू पूर्ण कर! आई पण तेच म्हणते. सगळ्यांना हे वाक्य फार आवडतंय. मी एकटीच ऐकून पेटते.

मला त्या कोपऱ्यात उभं राहता येणार नाही. शेजारी कुणीतरी नवी मुलगी हात पुढे करेल. तो मी कसा धरू?

२७ डिसेंबर

श्रद्धा आज भिंतीला धरून पडवीच्या टोकापर्यंत चालली. वळली आणि मी कुठे आहे ते शोधलं. शोधलं तिने! मग मला बघून — पान.

मला आता झोप लागत नाही. उद्या परवा सर पुन्हा सहीला येतील, मग तो कागद जाईल. त्याच्या आत सांगायला हवं. आधी काकींना. मग मॅडमना, मग सगळ्यांना. वाडी थुंकली तर थुंकू दे. काकींनी दार बंद केलं तर? श्रद्धाला भेटू दिलं नाही तर? एवढं एकच भय आहे. त्याच भयाने गप्प आहे. आणि माझ्या गप्प बसण्याला त्या ‘पोर किती करते बघ’ म्हणतात!

उद्या सांगणार.

२८ डिसेंबर

नाही सांगितलं. घरात पाहुणे होते.

खोटं. पाहुणे गेले होते.

२९ डिसेंबर

सांगितलं.

काकी उंबऱ्यावर बसून पेज निववत होत्या. मी म्हटलं, काकी, मॅडमची काही चूक नाही. त्या दिवशी उत्तरं श्रद्धाने दिली नाहीत. मी… पुढचं बोलता येईना. 

काकींनी पेजेचं भांडं खाली ठेवलं. माझा हात घेतला. दोनदा दाबला.

‘दुसरा हाफ,’ म्हणाल्या.

 त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ‘मी समोरच व्हते बाय. सगला बघत व्हते. मला शिकवलं नव्हतं काय तिनं? पन म्हटलं, पोरीचं व्हतंय तर होऊंदे. बापूस बोट सोडंल.’

 कुणी कुणाचा हात सोडला नाही. पडवीत श्रद्धाचं सुरू झालं. पान. आरसा. होडी. मग अडकली.

‘मीठ,’ आम्ही दोघी एकदम म्हणालो.